नोटेवरील वचन : चीनचे बँकर चांग च्या-आओ

विद्यार्थी मित्रहो, खिशातील दहा, वीस किंवा शंभर रुपयांची एखादी नोट काढा आणि नीट निरखून पाहा. तीवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते आणि सहीच्या वर धारकाला तेवढे रुपये अदा करण्याचे वचन छापलेले असते. आपण रोज शेकडो वेळा नोटा हाताळतो, पण हे वचन क्वचितच वाचतो. वाचण्याची गरज पडत नाही, कारण ते पाळले जाईल याविषयी आपल्या मनात शंका नसते. खरे पाहता त्या कागदाला स्वतःची किंमत जवळजवळ नाहीच. किंमत आहे ती वचनाची.

हे वचन पाळण्यासाठी आपल्या सरकारचा हुकूम मोडणारा एक तरुण चीनमध्ये होऊन गेला. त्याचे नाव चांग च्या-आओ. पुढे तो देशाचा मंत्री झाला, मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर झाला, आणि ज्या चलनाचे रक्षण हे त्याचे काम होते ते चलन मातीमोल होताना त्याला डोळ्यांनी पाहावे लागले. यशाची आणि अपयशाची अशी दोन्ही टोके एकाच आयुष्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतात. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्या मुलांनी वाचावे असे वाटते.

बालपण व शिक्षण

चांग यांचा जन्म इ. स. १८८९ मध्ये शांघाय शहराजवळच्या भागात झाला. वडील वैद्य होते. घरात बारा भावंडे, आठ भाऊ व चार बहिणी. च्या-आओ हे भावांमध्ये चौथे. थोरले बंधू चांग च्युन-माय हे पुढे तत्त्वज्ञ आणि विरोधी पक्षाचे नेते म्हणून प्रसिद्ध झाले. चीनच्या १९४६ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९४९ नंतर काही काळ त्यांनी आपल्या भारतातही व्याख्याने दिली.

त्या काळी चीनवर मांचू बादशहांचे राज्य होते. जुन्या पद्धतीच्या सरकारी परीक्षा देऊन अंमलदार व्हावे हीच सुशिक्षित घरांची महत्त्वाकांक्षा असे. १९०५ मध्ये या परीक्षाच बंद झाल्या. शेकडो वर्षांची वाट एका फटक्यात बंद पडली आणि हजारो तरुणांपुढे आता काय शिकावे हा प्रश्न उभा राहिला. चांग यांनी आधी शांघायमध्ये परकी भाषेचे शिक्षण घेतले होते. आता ते जपानला गेले आणि तोक्यो येथील केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकू लागले. फुकुझावा युकिची या थोर शिक्षकाने स्थापन केलेले हे विद्यापीठ नव्या विद्येसाठी नावाजलेले होते. बँक म्हणजे काय, चलन कसे चालते, सरकारने कर्ज किती काढावे, हे विषय त्यांनी तेथे शिकून घेतले. चीनमध्ये हे ज्ञान असणारी माणसे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती.

मायदेशी परतल्यावर त्यांनी पेकिंगमध्ये दळणवळण खात्यात नोकरी केली. १९११ च्या क्रांतीने बादशाही गेली, प्रजासत्ताक आले. चांग काही काळ राजकारणात वावरले. पण १९१३ च्या अखेरीस त्यांना बँक ऑफ चायनाच्या शांघाय शाखेत उपव्यवस्थापकाची जागा मिळाली आणि त्यांच्या आयुष्याला खरी दिशा लागली. वय होते अवघे चोवीस.

१९१६ चा मे महिना

बँक ऑफ चायना ही सरकारी पाठबळाची बँक होती. तिला नोटा काढण्याचा अधिकार होता आणि नोट घेऊन येईल त्याला खिडकीवर चांदीची नाणी मोजून देणे हे तिचे कर्तव्य होते. चिनी माणसाचा विश्वास चांदीवर होता. तो नोट घेई ती तिच्या मागे चांदी आहे या खात्रीने.

प्रजासत्ताकाचे अध्यक्ष युआन शि-खाय यांना मात्र सम्राट होण्याची हाव सुटली. १९१५ च्या अखेरीस त्यांनी नवी बादशाही जाहीर केली. प्रांतामागून प्रांत बंड करून उठले. लष्करी खर्च वाढला, महसूल येईनासा झाला आणि सरकारने बँकांकडून भरमसाट उचल केली. मार्चमध्ये बादशाहीचा बेत सोडावा लागला, पण तिजोरी तोपर्यंत रिकामी झाली होती. अखेर १२ मे १९१६ रोजी पेकिंग सरकारने हुकूम काढला. बँक ऑफ चायना आणि बँक ऑफ कम्युनिकेशन्स या दोन्ही बँकांनी नोटांच्या बदल्यात चांदी देणे बंद करावे आणि ठेवीही रोखून धराव्यात, असा त्याचा अर्थ होता.

शांघायमध्ये हा हुकूम हाती पडला तेव्हा व्यवस्थापक सुंग हान-चांग आणि उपव्यवस्थापक चांग यांनी सर्वप्रथम हिशेबाच्या वह्या उघडल्या. बाजारात आपल्या नोटा किती, लोकांच्या ठेवी किती आणि तिजोरीत चांदी किती, याचा त्यांनी ताळा मांडला. शाखेचा कारभार चोख असल्यामुळे बरीच चांदी शिल्लक होती. काही दिवस गर्दी झाली तरी तोंड देता येईल असे आकडे सांगत होते. हुकूम पाळला तर मात्र बँकेचे नाव कायमचे बुडणार होते. दोघांनी ठरवले की हुकूम पाळायचा नाही आणि खिडकी बंद करायची नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नव्हता. वह्या बरोबर होत्या म्हणून धैर्य दाखवता आले. हिशेब विस्कटलेला असता तर कितीही शूर माणसाला हुकमापुढे मान तुकवावी लागली असती.

पण सरकारने दोघांना बडतर्फ केले किंवा पकडले तर काय? चांग यांनी वकिलांचा सल्ला घेतला. बँकेची कचेरी शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत होती आणि तेथे वेगळे न्यायालय चाले. परकीयांची ही वसाहत म्हणजे चीनच्या मानहानीचे प्रतीकच, पण त्या दिवशी तिचा कायदा उपयोगी पडला. भागधारक, ठेवीदार आणि नोटधारक यांच्या वतीने व्यवस्थापकांवरच दावा लावायचा, आणि दावा चालू असेपर्यंत त्यांना जागेवरून हलवता येऊ नये, अशी युक्ती निघाली. इतर खासगी बँकांचे प्रमुख मदतीला धावले. त्यांत शांघाय कमर्शियल अँड सेव्हिंग्ज बँकेचे संस्थापक छेन क्वांग-फू होते. त्यांची बँक वर्षभरापूर्वीच निघाली होती आणि ती उभी राहताना बँक ऑफ चायनाने तिला ठेवीचा आधार दिला होता. केलेला उपकार असा परत आला.

बातमी फुटताच बँकेच्या दारात लोकांची झुंबड उडाली. दारे-खिडक्या मोडतात की काय अशी गर्दी. कुणाच्या हातात एक नोट, कुणाच्या हातात जन्माची पुंजी. खिडक्यांवर कारकून चांदी मोजत होते आणि नोटा परत घेत होते. १२ मे हा शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्ध्या सुटीचा. पण दुपारनंतरही बँक उघडी राहिली. रविवारीही उघडली. पैसे मागायला आलेल्या माणसाला बंद दार दिसता कामा नये, एवढाच हेतू होता. शहरातील परकी बँकांनीही गरज पडल्यास मदत देऊ केली.

आणि मग नेहमी घडते तेच घडले. पैसे मिळतात हे दिसताच पैसे नेण्याची घाई ओसरली. काही दिवसांतच रांग विरळ झाली आणि पुढे नेहमीचे व्यवहार सुरू झाले. बँक ऑफ कम्युनिकेशन्सने हुकूम पाळला होता. तिचे नाव सावरायला फार काळ लागला. पेकिंगमधील नोटांचा भाव घसरला, शांघायच्या नोटा मात्र पूर्ण किमतीला चालत राहिल्या. युआन शि-खाय जूनमध्ये वारले. हुकूम काढणारा गेला आणि हुकूम न पाळणारी बँक टिकली. त्या वेळी चांग यांचे वय सव्वीस वर्षांचे होते.

बँकेची उभारणी

पुढच्याच वर्षी चांग बँक ऑफ चायनाचे उपगव्हर्नर झाले. १९१६ चा धडा ते विसरले नव्हते. सरकारच्या मुठीत असलेली बँक लोकांची ठेव सांभाळू शकत नाही हे त्यांनी पाहिले होते. म्हणून खासगी भागधारकांचा वाटा वाढवावा, सरकारचा कमी करावा, असा त्यांचा प्रयत्न राहिला आणि काही वर्षांत बँक बहुतांशी भागधारकांच्या मालकीची झाली. याच काळात त्यांनी बँकांच्या माहितीला वाहिलेले एक साप्ताहिक सुरू केले, कारण सावकारी पेढ्यांच्या त्या देशात बँक म्हणजे काय हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते.

१९२८ मध्ये च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रीय सरकारने स्वतंत्र मध्यवर्ती बँक काढली आणि बँक ऑफ चायनाला परदेशी हुंडणावळीचे काम दिले. मुख्य कचेरी शांघायला आली आणि चांग महाव्यवस्थापक झाले. १९२९ मध्ये ते जगाच्या सफरीवर निघाले. युरोप-अमेरिकेतील बँका कशा चालतात हे त्यांनी हिंडून पाहिले. त्याच वर्षी बँकेची लंडन शाखा उघडली. परत आल्यावर त्यांनी हिशेबाची पद्धत बदलली, संशोधन विभाग वाढवला, परदेशी शिकलेल्या तरुणांना घेतले, कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधली व त्यांचे मासिक काढले. कापड गिरण्यांना व शेतकऱ्यांना कर्जे देण्यावर भर दिला.

धाकटी बहीण

पालकांसाठी एक प्रसंग मुद्दाम सांगतो. चांग यांची बहीण यौ-ई शाळेत शिकत होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणी तिचे पाय बांधण्यास सुरुवात झाली होती. पण तिचा आक्रोश न पाहवून थोरला भाऊ च्युन-माय आड आला आणि ती त्या यातनेतून वाचली. पुढे च्या-आओ एका शाळेच्या तपासणीला गेले असता एका विद्यार्थ्याचा निबंध त्यांना इतका आवडला की त्याच मुलाशी त्यांनी बहिणीचे लग्न जमवले. १९१५ मध्ये शाळा अर्धवट सोडून ती सासरी गेली. हा मुलगा म्हणजे पुढे नामांकित झालेला कवी शू चि-मो. १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर चीनला गेले तेव्हा त्यांचा दुभाषी तोच होता. पण संसार टिकला नाही. १९२२ मध्ये बर्लिनमध्ये दोघांचा काडीमोड झाला.

निबंध उत्तम म्हणजे नवरा उत्तम, हा भावाचा हिशेब चुकला. यौ-ई मात्र खचली नाही. जर्मनीत ती शिकली, मायदेशी परतली आणि शांघायच्या महिला बँकेची उपाध्यक्ष झाली. बँकेत वेळेवर हजर राहायची, आणि कामानंतर शिक्षकाकडून, राहून गेलेले चिनी साहित्य शिकायची. अर्धवट राहिलेले शिक्षण तिने असे पुरे केले. ज्या घरात आधी मुलीची शाळा सुटली त्याच घरातील मुलगी पुढे बँक चालवू लागली.

बँकेतून मंत्रिमंडळात

१९३४ पासून अमेरिकेने चढ्या भावाने चांदी खरेदी सुरू केली. चीनमधील चांदी बाहेर वाहू लागली. व्यापार बसला, पेढ्या बुडाल्या. सरकारला पैसा हवा होता आणि मोठ्या बँका आपल्या हाती असाव्यात असे वाटत होते. मार्च १९३५ मध्ये अर्थमंत्री एच. एच. कुंग यांनी सरकारी रोखे देऊन बँक ऑफ चायनाचे नवे भाग सरकारच्या नावे करून घेतले. सरकारचा हिस्सा अर्ध्यावर गेला. टी. व्ही. सुंग अध्यक्ष झाले आणि चांग यांना आपल्या हाताने वाढवलेली बँक सोडावी लागली. बावीस वर्षांची सेवा अशी संपली. १९१६ मध्ये जो हुकूम दारातून परतवला होता, तो या वेळी भागांच्या रूपाने आत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे चलन आले आणि नोटेच्या बदल्यात चांदी मिळणे बंद झाले.

डिसेंबर १९३५ मध्ये चांग रेल्वेमंत्री झाले. खाते नवे, पण कामाची रीत जुनीच. रेल्वेसाठी पूर्वी परदेशांत काढलेली कर्जे थकली होती. चांग यांनी धनकोंशी बोलणी करून त्यांच्या फेडीची व्यवस्था लावली. जुने देणे मान्य केल्यामुळे नवे कर्ज मिळू लागले. १९३६ मध्ये कँटनपासून वूचांगपर्यंतची रेल्वे पुरी झाली. दुसऱ्याच वर्षी जपानने आक्रमण केले तेव्हा हाँगकाँगमार्गे येणारी युद्धसामग्री १९३८ च्या शरदापर्यंत याच मार्गाने आत जात होती. हांगचौजवळ छिएनथांग नदीवरचा मोठा पूल सप्टेंबर १९३७ मध्ये खुला झाला. शत्रू जवळ येताच डिसेंबरमध्ये चिनी लोकांनी तो स्वतःच उडवला, आणि युद्धानंतर पुन्हा बांधला.

१९३८ मध्ये ते दळणवळणमंत्री झाले. किनारपट्टी जपानच्या ताब्यात गेल्यामुळे बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायचा तो ब्रह्मदेशातून. कुनमिंगहून लाशिओपर्यंतचा डोंगरी रस्ता गावकऱ्यांनी, त्यांत बायका-मुलांनीही, साध्या अवजारांनी खोदला होता. १९४२ मध्ये लाशिओ पडले आणि मग आपल्या आसाममधून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमाने माल नेऊ लागली. त्या वर्षाच्या अखेरीस चांग यांनी मंत्रिपद सोडले. युद्ध संपल्यावर त्यांना मांचुरियात आर्थिक प्रश्नांची बोलणी करायला पाठवण्यात आले. तेथील कारखान्यांची यंत्रे रशियन सैन्याने काढून नेली होती आणि बोलण्यांतून फारसे हाती लागले नाही.

जे थांबवता आले नाही

मार्च १९४७ मध्ये ते मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. यादवी युद्ध भडकले होते. सरकारचा खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढे होता आणि ही तूट नोटा छापून भरली जात होती. तुटीला मर्यादा घालावी, लष्करी खर्च आवरावा, असा चांग यांचा आग्रह होता. पण सैन्याची मागणी आली की छापखाना चालवावाच लागे. त्यांनी डॉलरमध्ये परतफेडीचे रोखे काढले. लोकांनी पाठ फिरवली. जे सरकार वारंवार शब्द फिरवते त्याचा नवा शब्द कोण विकत घेणार?

युद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरला सुमारे सव्वातीन युआन पडत. ऑगस्ट १९४८ मध्ये जुने चलन रद्द झाले तेव्हा तीस लाख जुन्या युआनला एक नवा युआन मिळाला, आणि अशा चार नव्या युआनचा एक डॉलर, म्हणजे एका डॉलरला एक कोटी वीस लाख जुने युआन. यात सर्वांत जास्त भरडला गेला तो पगारदार : शिक्षक, कारकून, शिपाई. मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे साठवलेल्या रकमेत एक वेळचे तांदूळही येईनासे झाले. चांग मे १९४८ मध्येच पायउतार झाले होते. नंतर आलेले नवे चलनही वर्षभरात कोसळले आणि १९४९ मध्ये ते सरकार मुख्य भूमीवरून गेले.

चांग देश सोडून ऑस्ट्रेलियात आणि तेथून १९५३ मध्ये अमेरिकेत गेले. देशाची तिजोरी ज्यांच्या हाती होती ते गृहस्थ साठी उलटल्यावर लॉस एंजेलिसमधील एका विद्यापीठात शिकवू लागले. तेथेच त्यांनी चीनमधील चलनवाढीवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. तो १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच काळातील अपयशाचा त्यांनी आकड्यांनिशी ताळा मांडला, जसा तरुणपणी शांघायच्या कचेरीत मांडला होता. पुढे ते स्टॅनफर्ड येथील हूव्हर संस्थेत संशोधन करीत राहिले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून काय घ्यावे

१९१६ मध्ये जिंकलेला माणूस १९४७ मध्ये का हरला? माणूस तोच होता. ज्ञान वाढले होते, अधिकारही मोठा होता. फरक आजूबाजूला होता. तेव्हा तिजोरीत चांदी होती, वह्या चोख होत्या, बाजूने उभे राहणारे भागधारक होते आणि दाद मागायला न्यायालय होते. तीस वर्षांनंतर यांपैकी काहीच उरले नव्हते. नाही म्हणण्याची इच्छा होती, पण जागा नव्हती.

आपण मुलांना प्रामाणिक राहा असे सांगतो आणि ते योग्यच आहे. पण एकट्याच्या सचोटीवर संस्था फार दिवस तरत नाही. लोकांचा पैसा ही अमानत असते. ती सांभाळायला इमानी माणूस हवा, तसाच उघडा हिशेब हवा, आणि चुकीच्या हुकमाला नकार देणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे सभासद हवेत. पतपेढी असो, गावची संस्था असो की देशाची बँक, नियम एकच.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कुणी उद्या बँकेच्या खिडकीमागे बसेल, कुणी एखाद्या संस्थेचा खजिनदार होईल. त्या दिवशी वही रोजच्या रोज पुरी करा. कसोटीचा दिवस सांगून येत नाही. तो शुक्रवारी येतो आणि शनिवारी दुपारी खिडकी उघडी ठेवायची की नाही हे तुम्हालाच ठरवावे लागते.